कर्तृत्ववान व्यक्तींच्या दीर्घ मुलाखती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीर्घ मुलाखत म्हणजे नेमके काय? ती नेहमीच्या मुलाखतीहून वेगळी कशी?

बहुतेक मुलाखती काही निमित्ताने होतात. पुरस्कार जाहीर होतो, नवे पुस्तक येते, कोणी निवृत्त होतो, आणि त्या आठवड्यापुरते चार प्रश्न विचारून उत्तरे छापली जातात. दीर्घ मुलाखतीत असे निमित्त असलेच तर ते दार वाजवण्यापुरते असते. तिचा विषय असतो त्या व्यक्तीचे काम, त्या कामाची घडण आणि ते करता करता कधी सावरत, कधी विसकटत गेलेले आयुष्य.

मात्र केवळ लांबीने मुलाखत दीर्घ ठरत नाही. नामवंत माणसाने आपली कहाणी शेकडो वेळा सांगितलेली असते. सांगून सांगून ती नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झालेली असते. कोणत्या वाक्याला हशा पिकतो आणि कुठे थांबले की सभागृह स्तब्ध होते, हे त्याला पाठ असते. ही कहाणी खोटी असते असे नाही, परंतु तिच्यातून फसलेले प्रयत्न, वाया गेलेली वर्षे, इतरांचा वाटा आणि निव्वळ योगायोग हळूहळू गळून गेलेले असतात. जे गळाले ते परत मिळवणे हेच दीर्घ मुलाखतीचे काम आहे, आणि पुढील बहुतेक उत्तरे या ना त्या वाटेने याच मुद्द्यापाशी येतात.

हा प्रकार किती जुना आहे?

थोरामोठ्यांशी झालेले बोलणे टिपून ठेवण्याची रीत ध्वनिमुद्रणाहून बरीच जुनी आहे. जर्मन लेखक योहान पेटर एकरमान १८२३ पासून १८३२ मध्ये महाकवी गटे यांचा मृत्यू होईपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिला. त्या संभाषणांचे पहिले दोन खंड १८३६ मध्ये आणि तिसरा १८४८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रात प्रश्न आणि उत्तर अशा मांडणीत आलेल्या सुरुवातीच्या मुलाखतींमध्ये अमेरिकी संपादक होरेस ग्रीली यांनी १८५९ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे घेतलेल्या मॉर्मन पंथाचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांच्या मुलाखतीचा उल्लेख हमखास होतो.

टेपरेकॉर्डर आल्यावर चित्र बदलले. १९४८ मध्ये इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचे, म्हणजे लोकांच्या तोंडून ऐकलेला इतिहास नोंदवण्याचे काम सुरू केले आणि ‘मुलाखत हा इतिहासाचा कच्चा माल आहे’ ही दृष्टी रुजू लागली. १९५३ मध्ये निघालेल्या ‘द पॅरिस रिव्ह्यू’ या नियतकालिकाने पहिल्याच अंकात इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत छापली आणि लेखकाला त्याच्या लेखनाच्या कारागिरीविषयी सविस्तर विचारण्याचा पायंडा पाडला. आजच्या अनेक पॉडकास्टच्या मुळाशी हेच दोन प्रवाह आहेत.

मुलाखतीसाठी व्यक्ती प्रसिद्धच असली पाहिजे का?

नाही. कर्तृत्व आणि प्रसिद्धी यांची गाठ नेहमी पडतेच असे नाही. अमेरिकी मुलाखतकार स्टड्स टर्केल यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘वर्किंग’ या पुस्तकात निरनिराळे व्यवसाय करणारी माणसे आपण दिवसभर काय करतो आणि त्याविषयी आपल्याला काय वाटते, एवढेच सांगतात, आणि ते पुरेसे ठरते. एखाद्या कामाला दोन-तीन दशके दिलेली आणि त्या कामाविषयी ठाम मते असलेली व्यक्ती, तिला कोणी ओळखत नसले तरी, उत्तम मुलाखत देऊ शकते. उलट जिची कहाणी सर्वतोमुखी झाली आहे अशी व्यक्ती निवडताना, तिला अद्याप कोणी न विचारलेले असे आपल्याकडे काय आहे, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. उत्तर मिळत नसेल तर त्या मुलाखतीची घाई करू नये.

पूर्वतयारी किती करावी?

इतकी की, ऐन मुलाखतीत तिचा एक-दशांशच वापरला जाईल. हे अतिशयोक्तीने म्हटलेले नाही. न वापरलेली तयारीच मुलाखतकाराला योग्य उपप्रश्न सुचवते.

सर्वात उपयोगी साधन म्हणजे सालवार कोष्टक. जन्म, शिक्षण, पहिले काम, बदललेली ठिकाणे, गाजलेल्या कृती, पडलेल्या कृती, पदे आणि राजीनामे असे सगळे एका कागदावर मांडले की रिकाम्या जागा आपोआप दिसू लागतात. दोन यशांच्या मधली चार वर्षे कोरी का आहेत? ज्या सहकाऱ्याचे नाव सुरुवातीला प्रत्येक ठिकाणी येते, ते नंतर एकाएकी नाहीसे का होते? चांगले प्रश्न बहुधा अशा कोऱ्या जागांमध्येच दडलेले असतात. यानंतर त्या व्यक्तीच्या आधीच्या सर्व उपलब्ध मुलाखती वाचाव्यात आणि ज्या आठवणी जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा येतात त्यांच्यावर खूण करावी. आपल्याला ज्या कहाणीच्या पलीकडे जायचे आहे तिचा हा नकाशाच असतो.

तयारीने काय साधते याची दोन उदाहरणे देता येतील. फ्रेंच चित्रपट दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो याने १९६२ मध्ये रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांच्याशी आठवडाभर संवाद केला. दोघांमध्ये समान भाषा नसल्यामुळे हेलन स्कॉट यांनी दुभाष्याचे काम केले, आणि तरीही तो संवाद चित्रपटकलेवरील मूलभूत ग्रंथ ठरला, कारण त्रुफो एकेक चित्रपट क्रमाने घेत, हे दृश्य असेच का घेतले, इथपर्यंत जाऊ शकत होता. दुसरे उदाहरण ब्रिटिश मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्ट यांनी १९७७ मध्ये घेतलेल्या, वॉटरगेट प्रकरणामुळे राजीनामा द्यावा लागलेले अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या मुलाखतीचे. फ्रॉस्ट यांच्या संशोधकांपैकी जेम्स रेस्टन यांनी निक्सन आणि त्यांचे सहायक चार्ल्स कोल्सन यांच्यातील, त्या प्रकरणाविषयीचे, तोवर लोकांपुढे न आलेले संभाषण शोधून काढले होते. कॅमेऱ्यासमोर ते वाचून दाखवले गेले तेव्हा निक्सन यांची तयार उत्तरे अपुरी पडली.

प्रश्न आधी पाठवावेत का?

विषय पाठवावेत, प्रश्न शक्यतो पाठवू नयेत. विषय कळल्यामुळे व्यक्ती जुनी कागदपत्रे, छायाचित्रे, तारखा शोधून ठेवते, आणि याचा दोघांनाही फायदा होतो. नेमके प्रश्न कळले तर मात्र ती उत्तरे तयार करते, आणि आपण एक गुळगुळीत कहाणी टाळण्यासाठी दुसरी घडवून घेतो. प्रकृती, वय किंवा बोलण्यातील अडचण यांमुळे कोणी लेखी प्रश्नांचा आग्रह धरला तर तो अर्थातच मानावा.

सुरुवात कशाने करावी?

‘आपल्या बालपणाविषयी सांगा’ या प्रश्नाने करू नये. हा प्रश्न इतका मोठा आहे की त्याला पाठ केलेलेच उत्तर येते. त्याऐवजी लहान आणि ठोस काहीतरी विचारावे: पहिल्या नोकरीच्या ठिकाणी आपण कोणत्या खोलीत बसत होता, तिथे आणखी कोण असे, पहिल्या दिवशी कोणते काम हाती दिले गेले. ठिकाण आठवू लागले की माणसे आठवतात आणि माणसे आठवली की प्रसंग मागोमाग येतात.

वस्तूंचाही असाच उपयोग होतो. बीबीसी रेडिओवर रॉय प्लमली यांनी १९४२ मध्ये सुरू केलेल्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ या कार्यक्रमात पाहुण्याला निर्जन बेटावर न्यायच्या आठ ध्वनिमुद्रिका निवडायला सांगतात. वरवर हा खेळ वाटतो. प्रत्यक्षात एकेका गाण्याच्या आडून एकेका काळाचे दार उघडते आणि पाहुण्याला आपण आत्मचरित्र सांगत आहोत याची जाणीवही राहत नाही. जुने छायाचित्र, वहीचे पान, हत्यार, नकाशा यांपैकी काहीही हे काम करू शकते.

पाहुणे ठरावीक उत्तरेच देत असतील तर काय करावे?

दीर्घ मुलाखतीतील सर्वात कठीण भाग हाच आहे, म्हणून येथे जरा सविस्तर सांगतो.

प्रथम ती उत्तरे पूर्ण ऐकून घ्यावीत. मधेच तोडले तर माणूस दुखावतो आणि पाठ असलेली गोष्ट सांगून झाल्याशिवाय त्याला मोकळेही वाटत नाही. त्यानंतर त्याच गोष्टीत परत जावे, परंतु अर्थ न विचारता तपशील विचारावेत. ‘त्या अपयशातून आपण काय शिकलात?’ या प्रश्नाला सुविचार मिळतो. ‘ती बातमी कळली तेव्हा आपण कुठे होता आणि सर्वप्रथम कोणाला सांगितलीत?’ या प्रश्नाला आठवण मिळते.

अमेरिकी चरित्रकार रॉबर्ट कॅरो यांचा एक अनुभव या संदर्भात प्रत्येक मुलाखतकाराने ध्यानात ठेवावा असा आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे धाकटे बंधू सॅम ह्यूस्टन जॉन्सन भावाच्या लहानपणाच्या रंगतदार गोष्टी सांगत. त्या इतरत्रही छापून आल्या होत्या. कॅरो यांनी त्यांना जतन करून ठेवलेल्या त्यांच्या जुन्या घरी नेले, जेवणाच्या टेबलाशी लहानपणी ते ज्या जागी बसत त्याच जागी बसवले, स्वतः नजरेआड त्यांच्या मागे बसले आणि वडील व भाऊ यांच्यातील बोलणे आठवायला सांगितले. हळूहळू वडील आणि मुलगा यांच्यातील कडाक्याचे वाद त्यांच्या तोंडून बाहेर येऊ लागले. मग कॅरो यांनी पूर्वीच्या त्या रंगतदार गोष्टी पुन्हा, अधिक तपशिलाने सांगण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी ते जमणार नाही असे सांगितले, कारण त्या गोष्टी कधी घडल्याच नव्हत्या.

दुसरे साधन म्हणजे उपप्रश्न. ‘द पॅरिस रिव्ह्यू’मध्ये १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत त्याचे संपादक जॉर्ज प्लिम्प्टन यांनी अमेरिकी कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांना पुनर्लेखनाविषयी विचारले. ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या कादंबरीचे शेवटचे पान आपण ३९ वेळा लिहिले, असे हेमिंग्वे म्हणाले. एखादा मुलाखतकार या आकड्यावर खूश होऊन पुढच्या प्रश्नाकडे वळला असता. प्लिम्प्टन यांनी नेमके अडले कुठे होते, हे विचारले, आणि शब्द नीट जुळवण्यापाशी, हे उत्तर मिळाले. त्या उत्तरामुळे आकड्याला अर्थ आला.

तिसरे साधन मौन हे आहे, आणि ते सर्वांत अवघड आहे. निरनिराळ्या दहा भाषांमधील संभाषणांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की, एकाचा प्रश्न संपणे आणि दुसऱ्याचे उत्तर सुरू होणे यांत सरासरी सुमारे एक-पंचमांश सेकंदाचे अंतर असते. साहजिकच दोन सेकंदांची शांतताही आपल्याला असह्य होते आणि ती भरून काढण्यासाठी आपण पुढचा प्रश्न फेकतो. नेमके त्याच क्षणी समोरची व्यक्ती, पाठ केलेले संपवून, खरे बोलण्याच्या बेतात असते. हा मोह आवरण्यासाठी कॅरो आपल्या वहीत स्वतःलाच ‘गप्प बस’ अशा अर्थाची आद्याक्षरे लिहीत राहतात. एवढ्या अनुभवी माणसाला ही गरज भासते, यात नवख्यांना दिलासा आहे.

आठवणींवर कितपत विश्वास ठेवावा?

प्रामाणिकपणावर ठेवावा, अचूकपणावर नव्हे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ मधील प्रयोगात सर्वांना मोटारींच्या अपघाताच्या त्याच चित्रफिती दाखवण्यात आल्या होत्या. परंतु गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ असा जोरकस शब्द प्रश्नात वापरला की सांगितलेला वेग वाढत होता आणि ‘संपर्क झाला’ असा सौम्य शब्द वापरला की तो कमी होत होता. प्रश्नातल्या एका क्रियापदाने उत्तर बदलते हे कळल्यावर, ‘तो काळ आपल्यासाठी फारच कठीण गेला असेल, नाही का?’ असे विचारण्याआधी मुलाखतकार दहा वेळा विचार करील. ‘तो काळ कसा गेला?’ एवढे पुरते.

वयस्क व्यक्तींना साधारणपणे दहा ते तीस या वयातील आठवणी इतर काळापेक्षा अधिक संख्येने आठवतात, असे स्मरणशक्तीच्या अभ्यासातून दिसून आले आहे. त्यामुळे मोकळे सोडले तर मुलाखतीचा मोठा भाग उमेदवारीच्या काळावर खर्च होतो आणि पन्नाशीतले, बहुधा सर्वांत परिपक्व काम दहा मिनिटांत उरकले जाते. सालवार कोष्टक समोर असले म्हणजे हा तोल वेळीच सावरता येतो. तारखा आणि आकडे मात्र मुलाखतीनंतर कागदपत्रांवरून ताडून पाहिलेच पाहिजेत.

खासगी किंवा दुःखद प्रसंगांविषयी विचारावे का?

कामाशी संबंध असेल तर विचारावे, कुतूहलापोटी विचारू नये. तसेच, अशा प्रश्नाला नकार देण्याची मुभा आहे हे आधी स्पष्ट सांगावे. बीबीसीच्या ‘फेस टू फेस’ या मालिकेत जॉन फ्रीमन यांनी १९६० मध्ये त्या काळचे लोकप्रिय दूरचित्रवाणी कलावंत गिल्बर्ट हार्डिंग यांना मृत्यू जवळून पाहण्याविषयी प्रश्न विचारला. हार्डिंग यांच्या मनात आईचा मृत्यू होता. त्यांना कॅमेऱ्यासमोर भरून आले. त्या प्रसंगाची चर्चा अद्याप होते, आणि माझ्या मते ती त्या मालिकेच्या गौरवासाठी होऊ नये. अश्रू येणे म्हणजे मुलाखत यशस्वी होणे, हा समज आता इतका पसरला आहे की पार्श्वसंगीतासह अशा क्षणांचे तुकडे कापून पसरवले जातात.

वादग्रस्त मुद्दा केव्हा काढावा?

फार आधी नको आणि अगदी शेवटीही नको. आधी काढला तर पुढचा सगळा वेळ सावधगिरीत जातो. शेवटी काढला तर उपप्रश्नांना वेळ उरत नाही आणि आपण दगड मारून पळालो असे दिसते. दोन-तृतीयांश वेळ झाल्यावर, मुद्द्याचा नेमका संदर्भ हाती घेऊन, सरळ आवाजात विचारावे. ‘लोक असे म्हणतात’ असा आडोसा घेऊ नये.

मुलाखतीसाठी मानधन द्यावे का?

प्रवास आणि वेळ यांची रास्त भरपाई वेगळी; माहितीसाठी पैसे देणे वेगळे. निक्सन यांना फ्रॉस्ट यांच्या मुलाखतींसाठी सहा लाख डॉलर देण्याचे ठरले होते आणि त्यावरून त्या काळी मोठी टीका झाली. व्यवहार काहीही असो, तो वाचकांपासून लपवू नये.

किती वेळ आणि किती बैठका असाव्यात?

एका बैठकीला दीड ते दोन तास पुरेत. त्यानंतर बोलणारा थकतो आणि ऐकणारा त्याहून आधी थकलेला असतो. शक्य असेल तर किमान दोन बैठका कराव्यात आणि त्यांच्यात काही दिवसांचे अंतर ठेवावे. पहिल्या बैठकीनंतर व्यक्तीच्या मनात जुने विषय घोळत राहतात, आणि दुसऱ्या बैठकीच्या आरंभी ‘परवा मी म्हणालो, ते तसे नव्हते’ हे वाक्य आले की मुलाखत खऱ्या अर्थाने सुरू झाली असे समजावे.

ध्वनिमुद्रण करताना कोणती काळजी घ्यावी?

दोन स्वतंत्र उपकरणांवर मुद्रण करावे, शांत खोली निवडावी, पंखा बंद करावा, माइक बोलणाऱ्याजवळ ठेवावा आणि मुद्रणासाठीची संमती मुद्रणातच नोंदवून घ्यावी. वहीही जवळ असावी, कारण चेहऱ्यावरचे भाव आणि हाताच्या खुणा रेकॉर्डरला दिसत नाहीत.

शब्दांकन करताना बोलणे जसेच्या तसे ठेवावे का?

एका तासाच्या संथ बोलण्यातही सात-आठ हजार शब्द सहज होतात, आणि ते जसेच्या तसे उतरवले तर उत्तम वक्ताही अडखळणारा वाटतो. अर्धवट वाक्ये जोडणे, पुनरुक्ती काढणे, विखुरलेली उत्तरे एका विषयाखाली आणणे हे संपादन रास्त आहे. न बोललेला विचार तोंडी घालणे, प्रश्न नंतर बदलून उत्तराचा रोख फिरवणे, अट किंवा शंका दर्शवणारे शब्द गाळणे हे रास्त नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९९१ मध्ये मासन विरुद्ध न्यूयॉर्कर या खटल्यात हाच प्रश्न होता; ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकातील लेखात आपल्या तोंडी घातलेली वाक्ये आपली नव्हेत, अशी मनोविश्लेषक जेफ्री मासन यांची तक्रार होती. अवतरणातील शब्द जाणूनबुजून बदलले एवढ्यावरून ते असत्य ठरत नाही, बदलामुळे अर्थात महत्त्वाचा फरक पडला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. ही कायद्याची किमान मर्यादा झाली. मुलाखतकाराने स्वतःसाठी याहून कडक मर्यादा आखावी.

मराठीत आणखी एक पेच आहे. माणसे ‘केलं, गेलं, वाटलं’ असे बोलतात आणि छपाईत ते ‘केले, गेले, वाटले’ होते. या एवढ्याशा बदलाने कित्येकदा सगळ्या वाक्याचा सूर औपचारिक होतो आणि बोलणारा भाषण देतो आहे असे वाटू लागते. म्हणून उत्तरांत बोली रूपे आणि निवेदनात प्रमाण रूपे ठेवणे मला अधिक योग्य वाटते. बोलीतले खास शब्द तर मुळीच बदलू नयेत. माणसाची ओळख कित्येकदा अशा दोन-चार शब्दांतच असते.

प्रकाशनापूर्वी मजकूर दाखवावा का?

कारागिरीविषयीच्या मुलाखतीत दाखवावा. ‘द पॅरिस रिव्ह्यू’मध्ये लेखकांना मजकूर दुरुस्त करू देण्याची प्रथा आहे आणि तिथल्या मुलाखतींची घनता बऱ्याच अंशी त्यामुळेच आली आहे. सत्तेत असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत मात्र केवळ तथ्ये तपासून घ्यावीत. कोणता मार्ग स्वीकारणार, हे पहिल्या भेटीआधीच ठरवून सांगितले म्हणजे नंतरची कटुता टळते.

बोलून झाल्यावर ‘हे छापू नका’ असे कोणी म्हटले तर?

नियमाप्रमाणे ही अट बोलण्यापूर्वी घालायची असते. परंतु माध्यमांशी बोलण्याची सवय नसलेल्या माणसाला या नियमाच्या कात्रीत पकडणे शोभत नाही. मुरलेल्या राजकारण्याला ती सवलत मिळू नये.

मुलाखतकाराने स्वतः किती दिसावे?

फ्रीमन यांच्या ‘फेस टू फेस’ कार्यक्रमात कॅमेरा बहुतेक वेळ पाहुण्याच्या चेहऱ्यावर जवळून रोखलेला असे आणि ते स्वतः जेमतेम दिसत. छापील मुलाखतीतही हे प्रमाण चांगले. प्रश्न उत्तरापेक्षा लांब झाला असेल तर तो बहुधा प्रश्न नसतो, मुलाखतकाराने आपले वाचन दाखवलेले असते. मात्र पूर्णपणे अदृश्य होण्याचाही अट्टहास नको. मतभेद झाला असेल तर तो वाचकाला दिसू द्यावा.

प्रकाशित झाल्यावर मूळ ध्वनिमुद्रणाचे काय करावे?

ते पुसू नये. संपादनात गाळलेला भाग पुढे एखाद्या चरित्रकाराला अधिक मोलाचा वाटू शकतो, आणि तक्रार आल्यास मूळ मुद्रण हाच पुरावा असतो. फाइलला व्यक्तीचे नाव, दिनांक आणि ठिकाण द्यावे, किमान दोन जागी प्रत ठेवावी, आणि संबंधित व्यक्तीची लेखी परवानगी घेऊन एखाद्या ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात जमा करावे. काही भाग ठरावीक वर्षे बंद ठेवण्याची अट तिने घातली, तर ती त्या परवानगीतच स्पष्ट शब्दांत लिहावी.